यादी भरतेच कशी?

आमची वहिनी भांडखोर आहे असं सगळे म्हणतात. मी तिची नणंद, तेव्हा हे म्हणायचा पहिला मान खरं तर माझा. पण तसं नाही हो. तिला फक्त ‘बसत नाही’ हे दोन शब्द सहन होत नाहीत. कपाटात बसत नाही, खोलीत बसत नाही, रकान्यात बसत नाही, असं कुणी म्हटलं की हिच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच म्हणून समजा. मग समोर दुकानदार असो, सासू असो की साहेब असो. बाई बाह्या सरसावून उभी.

तिचं लग्नसुद्धा या दोन शब्दांवरूनच जमलं. माझा दादा पाट्या रंगवतो, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, घरांच्या. ही तेव्हा खोली घेऊन एकटी राहायची आणि तिला दाराला पाटी हवी होती. आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. दुसऱ्या एका रंगाऱ्याने सांगितलं, “बाई, एवढं बसत नाही, आईचं नाव गाळा.” ही म्हणाली, “तुमच्या आईला गाळता का बघा,” आणि तिथून निघाली ती दादाच्या दुकानात. दादाने नाव ऐकलं, अक्षरं मोजली आणि मग करवत उचलली. म्हणाला, “आधी नाव, मग फळी.” ही तिथेच विरघळली. आज आमच्या दारावरची पाटी दारापेक्षा रुंद आहे, आणि दादाच्या नावाची वेगळी. “तुझी तू रंगव,” असं तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

मी सासर सोडून ट्रंक घेऊन परत आले तेव्हा आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकापुरता कोपरा. काका, मामा, आत्या सगळे जमले. प्रत्येकाला माझी दया येत होती आणि प्रत्येकाच्या घरी जागा नव्हती. कुणीतरी हळूच म्हणालं, “इथे तरी कशी बसणार ती?” झालं. वहिनी कडाडली, “बसणार कशी म्हणजे? ती काय कपाट आहे? खोली पुरत नसेल तर खोली बदलू. माणूस कशाला बदलायचं?” त्या दिवसापासून ही बाई माझी आहे. तिच्याविरुद्ध कुणी ब्र जरी काढला तरी गाठ माझ्याशी आहे, आणि माझा आवाज असा आहे की घरात मला भोंगा म्हणतात.

खोली बदलली, पण सुखासुखी नाही. नवी जागा नक्की व्हायच्या आधीच दादाने जुन्या मालकाला किल्ली देऊन टाकली, आणि नव्याने ऐन वेळी हात वर केले. आम्ही सामानासकट जिन्यात. वहिनीने दादाला असं धारेवर धरलं की जिन्यावरून जाणारे लोक भिंतीला चिकटून जायला लागले. “नवी जागा हातात आल्याशिवाय जुनीची किल्ली सोडायची नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं!” शेवटी दोन गल्ल्या सोडून मोठी जागा मिळाली. नवा पत्ता पोस्टमनला सांगितला, गॅसवाल्याला सांगितला, आईच्या सगळ्या मैत्रिणींना सांगितला, राहिला तो फक्त दूधवाला. तो बिचारा इमानाने जुन्या दाराशी पिशव्या ठेवत राहिला आणि तिथले नवे भाडेकरू आमचं दूध पिऊन टुणटुणीत झाले. तेव्हापासून आमच्याकडे कुणाला काही सांगायचं राहून गेलं की म्हणतात, ‘दूधवाला झाला’.

आम्ही दोघी एकाच इस्पितळात कामाला. डोळ्यांचं इस्पितळ. मी खाली नोंदणीच्या खिडकीत, ती वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत. ती सी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते. जुनी भाषा आहे, असं तिच्या खोलीतले नवे लोक नाक मुरडून सांगतात. मी एकदा विचारलं, या सीमध्ये असं आहे तरी काय? ती म्हणाली, “इथे तुमच्या मागून आवरायला कुणी येत नाही. जागा लागली की मागून घ्यायची, त्याला मॅलॉक म्हणतात. काम झालं की परत करायची, त्याला फ्री. घेतलीत आणि परत केली नाहीत तर मशीन एक दिवस गुदमरतं.” आता आमच्या घरात दादाचा चहाचा कप टेबलावर तसाच राहिला की आई, माझी सख्खी आई, जिने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नाही, ती ओरडते, “मॅलॉक कुणी केलं? फ्री कोण करणार?”

आता खिडकीबद्दल सांगते. सकाळी मी नावं विचारून कॉम्प्युटरमध्ये घालायची, आणि हॉलमधल्या बोर्डावर एकेक नाव यायचं तसा एकेक पेशंट आत जायचा. नावं वीस अक्षरांवर कापली जायची, त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. चौसष्ट नावं झाली की माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत यायचं, ‘यादी भरली’. मग ते मी पासष्टाव्या माणसाला तोंडाने सांगायचं. भोंगाच तो, एकाला सांगितलं तरी अख्ख्या रांगेला कळायचं. दुसऱ्या दिवशी यादी कोरी. आज राहिलेल्याला उद्या पहिला नंबर, असली माया तिथे नव्हती.

राहिलेल्यांत एक शिंपीणबाई रोज असायची. गळ्यात मापाची टेप, ती काढायला विसरलेली. गावाबाहेरच्या वस्तीतून पहिल्या बसने यायची, आणि ती बस पोचेपर्यंत जवळपासच्या लोकांनी यादी भरून टाकलेली असायची. तिचा एक डोळा मोतीबिंदू पिकून आतल्या आत फुटून गेला होता, अशीच वाट बघता बघता. दुसराही पांढरा पडत चालला होता. डॉक्टरांच्या हाती लवकर लागला तर वाचणार, नाहीतर तोही गेलाच. सुईत दोरा शेजारीण ओवून द्यायची आणि ही बोटांनी चाचपून शिवायची. पण गरीब गाय वगैरे मुळीच नाही हं! खिडकीच्या जाळीवर टिचकी मारून म्हणायची, “रोज कशी गं भरते तुझी यादी? आणि नेमकी माझ्याच पुढ्यात?”

“मावशी, नियम आहे. उद्या लवकर या.”

“बस मी चालवते का?” असं म्हणून ती चाचपत चाचपत निघायची. एकदा जाताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं तिने. मागे वळून चौकटीलाच दोन शिव्या दिल्या आणि गेली. त्या रात्री मी ताटातली भाकरी नुसती मोडत बसले.

वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. जेवताना खोदून खोदून विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तोवर तिच्याकडे फक्त औषधांच्या कोठाराचा प्रोग्रॅम होता, खिडकीचा तिने कधी उघडूनही बघितला नव्हता. ती म्हणाली, “यादी भरली म्हणजे? यादी भरतेच कशी? ती काय पिंप आहे?”

“अगं, चौसष्टच्या वर बसत नाही,” मी म्हणाले, आणि जीभ चावली. पण तीर सुटला होता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, चौसष्ट का? शिपाई म्हणाला, खुर्च्या तेवढ्याच आहेत. हिने जाऊन खुर्च्या मोजल्या, निम्म्याही नव्हत्या. मेट्रन म्हणाली, आगीचा नियम आहे. कॉम्प्युटरच्या खोलीचे साहेब म्हणाले, “डॉक्टरांच्या क्षमतेचा सखोल अभ्यास करून आकडा ठरवलेला आहे, मॅडम.” म्हणून ही डॉक्टरबाईंकडे गेली. भर दुपारी डॉक्टरबाई शब्दकोडं सोडवत बसलेल्या. त्या म्हणाल्या, “चौसष्ट? मला वाटायचं, पेशंटच तेवढे येतात.”

मग हिने प्रोग्रॅम उघडला. वरच्याच बाजूला एक ओळ, आणि त्या ओळीत चौसष्ट. कुठला अभ्यास नि कसलं काय! लिहिणाऱ्याला यादीसाठी काहीतरी एक आकडा हवा होता, तो त्याने टाकला आणि घरी गेला. लिहिणारे म्हणजे हेच साहेब, तरुणपणी. एकाने टाकलेला आकडा, दुसऱ्याने मानलेला नियम, आणि तिसरी मी, तो नियम लोकांच्या तोंडावर मारणारी.

“कला चौसष्ट, बुद्धिबळाची घरं चौसष्ट, म्हणून ज्यांना आंधळं व्हायचं नाही ती माणसंही चौसष्टच?” वहिनीने साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, “अहो, एवढं काय त्यात? शंभर करा आणि विषय संपवा.”

“मग एकशे एकावा येईल त्याला सांगायला तुम्ही खिडकीत बसाल का?”

“मग राहू दे चौसष्टच,” साहेब म्हणाले. पण डॉक्टरबाई मागे लागल्या, पाठवा की पेशंट, शब्दकोडी संपली माझी. तेव्हा साहेब म्हणाले, करा काय करायचं ते, पण तुमच्या जबाबदारीवर.

हिने काय केलं ते तिने मला घरी समजावून सांगितलं. यादी म्हणजे एका ओळीत बांधलेली घरं. त्या घरात नाव नसतं, नावाचा नुसता पत्ता असतो. नाव दुसरीकडे असतं, जेवढं लांब तेवढीच त्याला जागा आणि वर एक घर जास्त. त्यात शून्य ठेवायचं, नाव इथे संपलं हे मशीनला कळावं म्हणून. घरं भरली की दुप्पट लांब ओळ मागायची.

“दुप्पट कशाला? एक वाढव की.”

“दर पाहुण्याला एकेक खोली वाढवत बसलीस तर जन्म सामान हलवण्यात जाईल. दुप्पट मागितली की बराच काळ निवांत.” शेजारी जागा मोकळी असेल तर मशीन तिथेच वाढवून देतं. नसेल तर दुसरीकडे देतं, सगळं सामान उचलून तिकडे नेऊन ठेवतं आणि नवा पत्ता हातात देतं. याचं नाव रीॲलॉक. “आणि कधी कधी ते चक्क ‘जागा नाही’ म्हणतं. म्हणून त्याचं उत्तर येईपर्यंत जुना पत्ता पुसायचा नसतो.”

“जुनी किल्ली!” मी ओरडले.

“शाबास,” ती म्हणाली आणि तिने दादाकडे बघितलं. दादाने पेपर तोंडापुढे धरला.

वरच्या खोलीत तिने खोटी नावं घालघालून बघितलं, यादी मजेत वाढत होती. हॉलमधला बोर्ड मात्र हॉलमध्येच होता. मग एका सकाळी नवा प्रोग्रॅम माझ्या खिडकीत आला. यादीची पहिली ओळ तिने मुद्दाम चौसष्टचीच ठेवली होती. “बघू देत सगळ्यांना, भिंत कुठे होती ते,” म्हणाली.

पासष्टावी शिंपीणबाईच. आली, जाळीवर टिचकी मारली, आणि माझं ठरलेलं उत्तर यायच्या आधीच वळली.

“मावशी, नाव सांगा!” मी म्हणाले. ती चालतच राहिली. या खिडकीने तिला कधी नाव विचारलंच नव्हतं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय असं वाटलं असणार. मग मी भोंगा वाजवला. “अहो शिंपीणबाई, तुमचंच नाव विचारतेय!”

ती परत आली. जाळीला नाक लावून नाव सांगितलं तिने, स्वतःचं, नवऱ्याचं, बापाचं, सासरचं आडनाव, माहेरचं आडनाव. मग जरा थबकली. “एवढं बसेल का गं?”

“बसेल,” मी म्हणाले. मला रडू येत होतं, काय सांगू तुम्हाला. लाल अक्षरं आली नाहीत. नाव अख्खंच्या अख्खं आत गेलं.

आणि हॉलमध्ये गलका उठला.

बोर्डाला वेड लागलं होतं. कुणाच्या नावाचं शेपूट कुणाच्या धडाला, मध्येच चौकोन, मध्येच प्रश्नचिन्हं. लोक उठून उभे राहिले. कुणी म्हणे माझं नाव आलं, कुणी म्हणे माझं गेलं. वहिनी खाली धावत आली आणि तिच्यामागून साहेब, तिच्यापेक्षा जोरात.

“मी सांगत होतो!” साहेबांनी कधीच काही सांगितलं नव्हतं, पण असो. “जुना प्रोग्रॅम परत चढवा, आत्ताच्या आत्ता. चौसष्टच्या पुढचे उद्या येतील.”

जुना चढवला की ही यादी पुसली जाणार, आणि चौसष्टच्या पुढचे म्हणजे शिंपीणबाई आणि तिच्यामागचे सगळे. उद्या पुन्हा तीच बस, तीच मी आणि तेच दोन शब्द. आणि तिचा डोळा काही कुणाच्या उद्यासाठी थांबणार नव्हता. मी वहिनीकडे बघितलं. ती माझ्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर यादी एकदम व्यवस्थित, एकाखाली एक, सगळी पूर्ण नावं. मग तिने बोर्डाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि मांडीवर थाप मारून मोठ्याने हसली.

“अगं भोंग्या, दूधवाला!”

साहेबांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र क्षणात कळलं. पासष्टावं नाव आलं तशी यादी उठून मोठ्या जागी राहायला गेली, नवा पत्ता सगळ्यांना मिळाला, आणि बोर्डाला सांगायचं राहिलं. तो इमानाने जुन्या दारात उभा राहून, तिथे जो कुणी नवा राहायला आला होता त्याचं काहीबाही वाचून दाखवत होता.

“चूक माझी आहे,” वहिनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली. लाजबीज काही नाही. “माझी चूक मी निस्तरते. पण तिच्यापायी माणसं परत पाठवायची नाहीत. यादी शाबूत आहे.”

“मॅडम, हा माझा आदेश आहे. पाळायचा नसेल तर राजीनामा लिहून द्या.”

“नवी जागा हातात आल्याशिवाय जुनीची किल्ली मी देत नसते, साहेब. हा सीचाही नियम आहे, हवं तर वर जाऊन बघून या.” हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ती माझ्याकडे वळली. “बोर्ड मुका झाला तर होऊ दे. आपल्याकडे भोंगा आहे. वाच!”

साहेब माझ्याकडे बघत होते. माझीही नोकरी होती, आणि सासर सोडलेल्या बाईची नोकरी म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच, एवढं कळत होतं. पण ज्या बाईने माझ्यासाठी घर बदललं, तिच्यासाठी मी चार नावं वाचू नयेत? मी पडदा जाळीकडे वळवला, दार उघडून हॉलमध्ये आले, जाळीसमोरच्या खुर्चीवर चढले आणि पहिलं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, वीस अक्षरांवर न कापता. एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या वडिलांचं नाव इतकी वर्षं कुणी घेतलंच नव्हतं इथे.” मग गलका हळूहळू बसला. मी वाचत गेले, लोक आत जात राहिले. वहिनी वर पळाली. साहेबांना फोन आला असावा. निदान त्यांनी कानाला लावला तरी.

पासष्टावं नाव वाचताना माझा आवाज फाटला. शिंपीणबाई उठली, गळ्यातली टेप नीट केली आणि जणू तिच्याच घरी जातेय अशा थाटात आत गेली. डॉक्टरबाईंनी डोळा बघितला आणि तिला परत पाठवलंच नाही, तिथल्या तिथे दाखल करून घेतलं.

दुपारपर्यंत बोर्ड शुद्धीवर आला. पत्ता खिशात ठेवायचा नाही, दर वेळी यादीला विचारून घ्यायचा, एवढं वहिनीने त्याला शिकवलं. चौसष्ट पुन्हा आणायचा साहेबांनी प्रयत्न केला, पण डॉक्टरबाई आडव्या आल्या. पुढच्या बैठकीत साहेबांनी ‘आम्ही क्षमता वाढवली’ असं भाषणही ठोकलं. वहिनीला मात्र बोलावून ताकीद दिली, आदेश मोडल्याबद्दल. ती म्हणाली, “द्या. ठेवायला जागा आहे माझ्याकडे, कमी पडली तर वाढवीन.”

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, सकाळची गर्दी चालू असताना, माझ्या जाळीवर टिचकी वाजली. मी मान वर केली. शिंपीणबाई. डोळ्यावर जाड काचेचा नवा चष्मा, गळ्यात टेप. नुसती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मला अवघडल्यासारखं झालं.

“काय हवंय, मावशी?”

“हां, तूच ती,” ती म्हणाली. “आवाजावरून ओळखलं. मला वाटायचं, आत कुणी खाष्ट म्हातारी बसते. तू तर माझ्या पोरीएवढी आहेस गं.” मग जाळीच्या आणखी जवळ आली. “एक काम कर. ते म्हणून दाखव.”

“काय?”

“ते तुझं, यादी भरली. रोज ऐकलं, पण म्हणताना तुझं तोंड कसं दिसायचं ते बघायचं राहूनच गेलं. म्हण की, एकदाच.”

थट्टाच करत होती ती. मागे रांगेतले लोक हसत होते, मीही हसले. म्हटलं, म्हणून टाकू, म्हातारीची हौस. तोंड उघडलं. अख्ख्या हॉलला ऐकू जाणारा भोंगा आहे माझा. पण आवाज फुटेचना. ती चष्म्यातून एका डोळ्याने बघत उभी, आणि मी आ वासून.

दोनच शब्द. पण ते आता माझ्या तोंडात बसत नाहीत.